घोड्याचा पाय वर म्हणजे राजा रणात पडला? अश्वारूढ राजचित्रं आणि पुतळे

वाटाड्या
शिवजयंती जवळ आली की एक ढकलपत्र हमखास फिरतं. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणांगणावर पडला, एक पाय वर असेल तर जखमांनी गेला, चारही टापा जमिनीवर असतील तर अंथरुणात गेला. खाली 'ही माहिती दहा जणांना पाठवा' असतंच.
मला हा नियम बनावट वाटतो. पण नियम खोटा असेल तर घोड्याची ढब ठरते कशावरून? चिलखतात किंवा गणवेशात घोड्यावर बसलेल्या राजाचं चित्र वा पुतळा नेमका कसा बघायचा? तिशियनचा पाचवा चार्ल्स, व्हेलास्केझचा चौथा फिलिप, पीटर्सबर्गचा पहिला निकोलस, आपल्या मुंबईचा काळा घोडा, काहीही चालेल. जाणकारांनी लिहावं.

शंकासुर
वाळूत पाय रोवून बसलोय. पॉपकॉर्न आणा.

दुडकी
आधी घोड्याच्या बाजूनं बोलू, कारण राजाबद्दल सगळेच बोलतात.
पुढचे पाय उचललेला प्रत्येक घोडा 'उधळलेला' नसतो. व्हेलास्केझच्या चौथ्या फिलिपचा घोडा (सुमारे १६३५, माद्रिदचं प्राडो संग्रहालय) नीट बघा. मागचे गुडघे खोल दुमडलेत, पुठ्ठा खाली बसलाय, पुढचे पाय छातीशी घेतलेत, आणि अंग जमिनीशी तिसेक अंशांवर आहे. ही शिकवलेली कसरत आहे, नाव लव्हाद. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये आजही करून दाखवतात. सगळं वजन मागच्या दोन पायांवर येतं, त्यामुळे कसलेला घोडाही ती काही सेकंदच धरतो. अंग पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की ती पेसाद. आणि मागचे पाय सरळ ताठ करून घोडा उभा झाला, तर तो भेदरलाय किंवा ऐकत नाहीये, एवढाच अर्थ.
म्हणजे त्या चित्रात रणांगण नाहीच, रिंगण आहे. राजा एका हातात लगाम धरून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता एवढं जनावर तोलून धरतो. बघणाऱ्यानं पुढचं वाक्य स्वतः पुरं करायचं: घोडा असा ताब्यात, तर राज्य कसं असेल!

भुईमूग
@दुडकी, मग एकच हात का? दोन हातांनी लगाम धरला तर काय बिघडतं?

दुडकी
उजवा हात तलवारीला मोकळा लागतो. लष्करी रपेटीत लगाम डाव्या हातात, त्यासाठी लांब दांड्यांची कडियाळी, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसवायचं लोखंड. दांडी जितकी लांब तितका तरफेचा जोर जास्त, म्हणून दोन बोटांच्या ओढीवर घोडा मान वळवतो. चित्रात लगाम किंचित सैल आणि दांडी थोडी मागे कललेली असेल तर चित्रकाराला घोडा कळत होता. लगाम तारेसारखा ताणलेला, घोड्याचं तोंड उघडं आणि तरी राजा शांत हसतोय, असं दिसलं तर स्टुडिओत लाकडी घोडवंचीवर बसवून काढलंय असं खुशाल समजा.

रंगारी_जुना
दुडकींनी फिलिपचा विषय काढलाच आहे, तर ते चित्र जवळून बघू.
घोड्याच्या मागच्या पायांपाशी पुसट जास्तीचे पाय दिसतात. भूत नाही, व्हेलास्केझनं जागा बदललीय. आधी पाय एका ठिकाणी रंगवला, मग वरून पार्श्वभूमीचा रंग देऊन झाकला आणि शेजारी नवा काढला. तैलरंगाचा वरचा थर काळानुसार पारदर्शक होत जातो, विशेषतः पातळ दिलेला, आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांनी खालचा पाय वर डोकावतो. याला पेंटिमेंटो म्हणतात. राजाच्या चेहऱ्याच्या रेषेतही असाच बदल दिसतो. खाली डाव्या कोपऱ्यात एक कोरा कागद रंगवलाय, सही असते त्या जागी. सही मात्र नाही. हे काम दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही, एवढा तो माज.
कॅनव्हासला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडलेल्या आहेत. हे चित्र माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्यातल्या 'राज्यांच्या दालना'साठी होतं. तिथे एका टोकाला तिसरा फिलिप आणि राणी मार्गारेट, दुसऱ्या टोकाला चौथा फिलिप आणि राणी इसाबेल, आणि या दोघांच्या मधे दारावर लहानगा युवराज बाल्तासार कार्लोस. बाजूच्या भिंतींवर विजयी लढायांची बारा चित्रं. आजोबा, बाप, नातू असा वंशच घोड्यावर बसवून मांडलेला, म्हणजे वकिलातीच्या माणसाला दालन ओलांडेपर्यंत संदेश पोचतो.
त्या युवराजाच्या तट्टाचं पोट पिंपासारखं दिसतं म्हणून लोक हसतात. चित्र दाराच्या वर टांगायचं होतं, खालून मान वर करून बघायचं. संग्रहालयात डोळ्यांच्या उंचीवर लावलं की पोट फुगणारच. मोबाइलवर बघताना तर आणखी.

शंकासुर
थोडक्यात, घोडा नाही सुटला, चित्र खाली उतरलं.

कॉलर_ताठ
गणवेशावर कुणी बोलत नाहीये, मी बोलतो.
'लष्करी पोशाख' ही गोष्ट काळानुसार पार बदलते. तिशियनचा पाचवा चार्ल्स (१५४८) घ्या. २४ एप्रिल १५४७ च्या म्यूलबर्गच्या लढाईचं निमित्त, पण चित्रात शत्रू नाही, सैन्य नाही, प्रेत नाही. संधीप्रकाश, एक भाला आणि गाऊटनं बेजार सत्तेचाळीस वर्षांचा सम्राट. चिलखत मात्र खरं, डेसिडेरियस हेल्मश्मिडनं घडवलेलं, आणि ते आजही माद्रिदच्या राजशस्त्रागारात आहे. चित्र आणि चिलखत शेजारी ठेवून ताडून बघता येईल अशी उदाहरणं थोडी. छातीवरचा लाल पट्टा हा पक्ष ओळखायचा. तेव्हा एका रंगाचे गणवेश नव्हते, पट्ट्यावरून आपला-परका कळे.
सतराव्या शतकात चिलखत लढाईतून उतरणीला लागलं आणि चित्रांत मात्र टिकून राहिलं. फिलिपच्या अंगावर सोनेरी नक्षीचं पोलाद, किरमिजी सेनापतीचा पट्टा, हातात छोटा दंड. तो दंड म्हणजे हुकूम द्यायचा अधिकार, मारायचं हत्यार नव्हे. ढकलपत्रवाल्यांनी खुरांऐवजी राजाच्या हाताकडे बघितलं असतं तर काहीतरी पदरात पडलं असतं.
अठराव्या शतकात प्रशियाचे राजे रोजच गणवेशात वावरायला लागले आणि पुतळ्यांचा वेगळाच घोळ झाला. थोर फ्रेडरिकला रोमन कपडे घालायचे की त्याचा अंगातला कोट, यावर बर्लिनमध्ये पिढीभर वाद चालला. शेवटी राउखचा पुतळा १८५१ मध्ये उभा राहिला: गणवेश, डोक्यावर तिकोनी टोपी, वरून राजवस्त्र. दोन्ही पक्षांना थोडं थोडं.

बारा_गावचं_पाणी
कॉलरभाऊ, रोमन पोशाखाचा किस्सा राहिला की! पॅरिसच्या वाँदोम चौकात चौदाव्या लुईचा पुतळा होता, जिरार्दोंचा. रोमन चिलखत, रिकिबी नाहीत कारण रोमनांकडे नव्हत्या, आणि डोक्यावर मात्र सतराव्या शतकातला केसांचा भलामोठा टोप! १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी पाडला.
न्यूयॉर्कचा तिसरा जॉर्जही त्याच वळणाचा, शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. १७७० मध्ये बसवला, ९ जुलै १७७६ ला ओढून पाडला आणि शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या: ४२,०८८. राजाचा पुतळा राजाच्याच फौजेवर झाडला.

ओतारी
बारागावांनी ओतकामाच्या सीमेवर आणून सोडलंच आहे, तर लिहितो. वाटाड्यांच्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. धातूच्या पुतळ्यात किती टापा जमिनीवर राहणार हे आधी वजन ठरवतं, इतिहास नंतर.
घोडा आणि स्वार मिळून जो गुरुत्वमध्य येतो, त्यातून सोडलेला ओळंबा टेकलेल्या टापांच्या मधल्या जागेत पडायला हवा. तीन टापा टेकल्या आणि एक उचलली तर ऐसपैस त्रिकोण मिळतो, म्हणून चालता घोडा ही शिल्पकाराची सगळ्यात लाडकी ढब. रोमच्या मार्कस ऑरेलियसपासून तीच (इ. स. १७५ च्या सुमारास). तो कुठल्या जखमेनं गेला नाही.
दोनच टापांवर उभा करायचा तर जागा एका पट्टीएवढी उरते. पिएत्रो ताक्कानं चौथ्या फिलिपचा ब्राँझ पुतळा १६४० मध्ये पुरा केला, आज तो माद्रिदच्या प्लाझा दे ओरिएंते मध्ये आहे. ताक्कानं आधी नेहमीसारखा चालता घोडा योजला होता. माद्रिदहून हट्ट आला की चित्रातल्यासारखा पुढचे पाय उचललेलाच हवा. राजाचं तोंड फ्लॉरेन्समध्ये बसून कसं करणार, म्हणून शिल्पकार मोंतान्येसनं माद्रिदमध्ये राजाचं डोकं घडवलं आणि ते ताक्काकडे रवाना झालं. तोल साधला तो मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवून, शिवाय शेपटी खाली टेकवून. गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं परंपरेनं सांगतात.
आता यात काय बिघडतं ते बघा. मेणाचा थर सगळीकडे सारखा, बोटभराहून पातळ, असेल तर ब्राँझ सारखं निवतं. एका अंगाला भरीव आणि दुसऱ्याला पातळ असलं की पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग उशिरा, आणि निवताना ब्राँझ आकसतं, साधारण दीड-दोन टक्के. जिथे जाड-पातळ मिळतात तिथे तडा जातो नाहीतर आतून स्पंजासारखी पोकळी राहते. घोड्यात ती जागा म्हणजे कंबर आणि पोटाची मागची कड. वाईटात वाईट जागा, कारण सगळा भार तिथूनच खाली उतरतो. यावर उपाय म्हणजे जाड भागाच्या डोक्यावर जादा धातूचा साठा ठेवायचा, म्हणजे आकसताना तो तिथून ओढून घेतो. वाफ आणि हवा निघायला वाटा ठेवायच्या. एक वाट बुजली तरी धातू अर्ध्यात अडतो.

भुईमूग
@ओतारी, मेण वितळवून काढतात ना? घोडा एकदम ओततात की तुकड्यांत?

ओतारी
हो, मेण. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात हीच कृती आहे: मेणाची मूर्ती, वर मातीचे थर, तापवून मेण काढायचं, पोकळीत धातू. संस्कृतात मधूच्छिष्ट विधान म्हणतात. पोकळ पुतळ्याला आत मातीचा गाभा लागतो, आणि मेण निघून गेल्यावर तो गाभा अधांतरी राहू नये म्हणून आरपार धातूच्या खुंट्या मारतात. खुंट्या कमी पडल्या तर गाभा सरकतो. मग एका बाजूला ब्राँझ पसाभर आणि दुसऱ्या बाजूला भोक.
एका ओतात काढणं हा बडेजाव. वाँदोमचा तो लुई बाल्ताझार केलरनं ३१ डिसेंबर १६९२ ला एकाच ओतात काढला. बहुतेक जण तुकड्यांत ओततात, सांधे पट्टे, जीन, चिलखताच्या कडा यांखाली लपवतात. राजाला लष्करी पोशाख घालण्याचा ओताऱ्याला हा मोठा फायदा, पट्टा जितका रुंद तितका सांधा सुखात.
पीटर्सबर्गला फाल्कोनेचा झार पीटर ओतताना १७७५ मध्ये साचा फुटून वितळलेला धातू बाहेर आला, आग लागली आणि वरचा भाग दोन वर्षांनी पुन्हा ओतावा लागला. तिथे तिसरा टेकू शेपटीखालचा साप. बघणाऱ्याला वाटतं शत्रू तुडवला, ओतारी म्हणतो आधार मिळाला.

अक्कलखाते
मग शेपटी, साप काहीच न लावता दोन टापांवर राजा कुणी उभा केला?

ओतारी
क्लोटचा पहिला निकोलस, सेंट आयझॅक चौक, पीटर्सबर्ग, १८५९. मागच्या दोन टापा, बस्स. पायांतून लोखंडी आधार थेट चौथऱ्यात जातो. पहिलं ओतकाम फसलं होतं, दुसरं साधलं. क्रांतीनंतर झारांचे किती पुतळे गेले, हा राहिला, आणि त्याचं श्रेय बरेच जण या तोलालाच देतात.

कॉलर_ताठ
आणि त्याचा पोशाख अस्सल संचलनाचा, घोडदळाच्या गार्ड पलटणीचा, शिरस्त्राणावर गरुड. रोमन नाही, काल्पनिक नाही. पीटरच्या अंगावरचे कपडे मात्र फाल्कोनेनं असे केलेत की कोणत्याच देशाचे म्हणता येऊ नयेत.

बारा_गावचं_पाणी
दोन्ही पुतळे एकाच रेषेत, एकाच दिशेला तोंड, मधे सेंट आयझॅक कॅथेड्रल. पीटर्सबर्गवाले म्हणतात, मूर्ख शहाण्याच्या मागे धावतोय, पण आयझॅक आडवा आलाय.

शंकासुर
=)) =)) हे ढकलपत्रात का नाही येत?

अश्विनी_कुमारी
राण्या राहिल्या. १७६२ च्या जूनमध्ये नवऱ्याला पदच्युत करायला निघालेली दुसरी कॅथरीन, एरिक्सनच्या चित्रात. गार्ड पलटणीचा पुरुषी गणवेश, हातात उपसलेली तलवार, पांढऱ्या 'ब्रिलियंट' घोड्यावर पुरुषासारखी टांग टाकून. तेव्हाच्या दरबारी स्त्रिया एका अंगानं बसत. रशियात सत्ता कुणाची हे पलटणी ठरवत होत्या, आणि पलटणींना ओळखीचा वाटेल असाच वेश तिनं चित्रात राखला. याच्या उलट दुसरी एलिझाबेथ: १९६९ ते १९८६, अठरा संचलनं, काळी घोडी 'बर्मीझ', अंगात लष्करी कोट, पण बसायची एका अंगानंच.

अक्कलखाते
आल्प्स ओलांडणारा नेपोलियन कसा विसरलात? सम्राटाचं सगळ्यात गाजलेलं घोड्यावरचं चित्र!

रंगारी_जुना
सम्राट नाही, अक्कलखातेराव. डेव्हिडनं पहिलं चित्र १८०१ मध्ये काढलं तेव्हा तो पहिला कॉन्सल होता. मागवलं होतं खऱ्या राजानं, स्पेनच्या चौथ्या चार्ल्सनं. एकूण पाच आवृत्त्या. घाट ओलांडला खेचरावरून, मे १८०० मध्ये. नेपोलियन चित्रासाठी बसायला तयारच नव्हता. मारेंगोच्या लढाईत घातलेला कोट मात्र मिळाला, आणि डेव्हिडच्या मुलाला शिडीवर बसवून ढब घेतली. खाली खडकावर नावं बघा: बोनापार्त, हॅनिबल, शार्लमेन. दोघांची नावं झिजलेली, एकाचं ताजं.

फोर्टातला
काळ्या घोड्याचं नाव धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय म्हणून. तो सातवा एडवर्ड, पण पुतळा बसला १८७९ मध्ये, तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता. शिल्पकार बोएम, देणगी अल्बर्ट ससूनची, निमित्त १८७५-७६ ची भारतभेट, अंगावर लष्करी गणवेश. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकात राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा. चौकाला घोडा लागत होता, राजा नाही.
आणि पुण्यातला करमरकरांचा शिवरायांचा पुतळा विसरू नका, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलचा, अनावरण १९२८.

वाटाड्या
महाराजांचं त्या काळातलं घोड्यावरचं चित्र?

रंगारी_जुना
मीर मुहम्मदनं इटालियन प्रवासी मनुचीसाठी काढलेलं, १६८६ च्या आधीचं, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या संग्रहात आहे. घोड्यावर महाराज, भोवती पायदळातली माणसं. तिथे युरोपचे नियम लावू नका. आपल्याकडच्या लघुचित्रात घोडा आणि स्वार बाजूनं, सपाट, स्वच्छ बाह्यरेषेत. अंगाची खोली, जमिनीवरची सावली यांची गरजच नाही. मुघल चित्रांत घोड्याच्या पायांना आणि शेपटीला मेंदीचा रंग दिसतो, तोही वास्तवातला, रिवाजच होता. अधिकार दाखवायला ढब नाही, तर छत्र, चवरी, शहाजहानसारख्याच्या डोक्यामागची प्रभावळ आणि आजूबाजूला चालणाऱ्यांची संख्या.

दुडकी
+१. आणि चौखूर घोडा चारी पाय पुढे-मागे ताणून उडताना दाखवायची चूक सगळीकडची. १८७८ मध्ये मायब्रिजच्या छायाचित्रांनी दाखवलं की चारही टापा सुटतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. त्याआधीच्या चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही, नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाही.
दुडकीत मात्र चूक पकडता येते. कर्णातले पाय जोडीनं उचलले जातात, डावा पुढचा आणि उजवा मागचा. एकाच बाजूचे दोन्ही पाय वर दिसले, तर तो रवाळ चालीचा घोडा असेल किंवा शिल्पकार चुकलाय.

वाटाड्या
सगळ्यांचे आभार. तरी पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. चालीनं आणि तोलानं ढब ठरते, मान्य. पण कुठेच हा संकेत पाळला गेला नाही? लोक ठासून सांगतात.

बारा_गावचं_पाणी
अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या सेनापतींच्या पुतळ्यांत हा योग बराचसा जुळतो, तिथूनच गोष्ट पसरली असावी. राजांना लावायची तर तारखाच आड येतात. लंडनच्या चेअरिंग क्रॉसवरचा पहिला चार्ल्स घ्या, ले स्युरचा. करार १६३० चा: घोडा थोराड घोड्यापेक्षा फूटभर मोठा, राजा पूर्ण सहा फूट, किंमत ६०० पौंड, आणि घोड्याच्या आकाराबद्दल राजाच्या अश्वशिक्षकांचा सल्ला घ्यायचा. राजा प्रत्यक्षात चांगलाच बुटका होता. पुतळा झाला १६३३ मध्ये, पुढचा एक पाय उचललेला. शिरच्छेद १६४९ मध्ये. ले स्युरला सोळा वर्षं आधी कळलं असेल तर तो शिल्पकार नव्हता, ज्योतिषी होता.
चौथा फिलिप: पुतळा १६४०, दोन्ही पाय वर, मृत्यू १६६५, अंथरुणात. पीटर आणि निकोलस दोघेही आजारानं गेले, दोघांचे घोडे झेपावलेले. खुद्द शिवराय १६८० मध्ये रायगडावर आजारपणात गेले. मग पुढचे पाय उचललेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे सगळे चुकीचे ठरवणार का?

शंकासुर
आणि शिरच्छेदाला किती टापा?

बारा_गावचं_पाणी
त्यासाठी घोड्याला पाचवा पाय लागेल, तो व्हेलास्केझकडे शिल्लक आहे.
त्या चार्ल्सच्या पुतळ्याची पुढची कथा आणखी भारी. यादवीनंतर मोडीत काढायला एका तांबटाला विकला, त्यानं तो पुरून ठेवला आणि 'याच धातूच्या' म्हणून सुऱ्यांच्या मुठी वगैरे विकल्या. राजेशाही परतल्यावर पुतळा अखंड बाहेर आला आणि १६७५ मध्ये पुन्हा बसला.

भुईमूग
शेवटचा प्रश्न, @ओतारी. असे जुने पुतळे खराब होतात ते नेमके कुठून?

ओतारी
पावसापेक्षा पोटातून. आतला लोखंडी सांगाडा ब्राँझला टेकलेला असतो. ओल आली की दोन धातूंत लोखंड आधी गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि ब्राँझ आतून फाडतो. थंड देशांत साठलेलं पाणी गोठून तेच करतं. म्हणून पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचं भोक हवं आणि ते दरवर्षी तारेनं मोकळं करायला हवं. रंगरंगोटी करताना हौशी मंडळी नेमकं तेच बुजवतात.
वरची भोकं मात्र बंद हवीत. माद्रिदच्या प्लाझा मायोरमधला तिसरा फिलिप, जांबोलोन्या आणि ताक्काचा, १६१६. घोड्याचं तोंड किंचित उघडं. १९३१ मध्ये पोटात स्फोट झाला तेव्हा आतून चिमण्यांची हाडं बाहेर पडली. तोंडातून आत शिरायच्या, पण गळा अरुंद, परत वर येता यायचं नाही. दुरुस्तीत तोंड बुजवलं.

शंकासुर
तीनशे वर्षं राजाकडे बघत होते सगळे.